वेचणीचे हात आणि आमवात

दसऱ्याच्या सुमारास परभणी जिल्ह्याच्या काळ्या रानात कापूस फुटू लागतो आणि दिवाळीपर्यंत वेचणी भरात येते. मानवत, सेलू, पाथरी, जिंतूर, कुठल्याही रस्त्याला लागले तरी कमरेला ओटी बांधलेल्या बायका सरीसरीतून पुढे सरकताना दिसतात. वेचणी हे बोटांचे काम आहे. बोंडाच्या पाकळ्या वाळून टोकदार झालेल्या असतात. त्यांच्यात अंगठा आणि दोन बोटे घालून कापूस एका झटक्यात ओढायचा, पाला चिकटू द्यायचा नाही, आणि एक हात ओटीत रिकामा होईतो दुसरा पुढच्या बोंडावर गेलेला हवा. मजुरी सहसा किलोवर असते. संध्याकाळी काट्यावर भरेल त्याचे पैसे. बोटे जेवढी चपळ तेवढी कमाई, आणि बोटे आखडली की कमाई त्याच दिवशी घटते. हाताच्या सांध्यांचा आजार दवाखान्याच्या केसपेपरवर येण्याच्या कितीतरी आधी इथे वजनाच्या काट्यावर दिसू लागतो. तिथे त्याची नोंद घेणारे मात्र कोणी नसते.

या अंकासाठी संपादकांनी दिलेला विषय ‘जीवनशैली आणि आजार’ असा आहे. त्या चौकटीत आमवात, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ठेवून पाहिला की पहिल्याच पावलावर अडचण येते. या आजाराच्या जोखमीची जी यादी वैद्यकशास्त्रात मान्य आहे ती बहुतांशी स्वीडन, ब्रिटन आणि अमेरिका येथल्या अभ्यासांतून आली आहे. सिगारेट आणि वाढलेले वजन तिच्यात ठळकपणे येतात. वेचणीच्या रानातल्या बाईने बहुधा आयुष्यात सिगारेट ओढलेली नसते आणि दिवसभराच्या कष्टाने अंगावर चरबी साठायलाही वाव नसतो. तरीही आमवात तिला होतो, आणि पुरुषांपेक्षा अधिक होतो. मग तिच्या वाट्याची जोखीम येते कुठून? माझे म्हणणे असे की तिच्या सवयींपेक्षा ती तिच्या भोवतालातून येते: स्वयंपाकघराच्या आणि कामाच्या जागेच्या हवेतून, दुर्लक्षित हिरड्यांतून, बाळंतपणे आणि शस्त्रक्रियांनी आखलेल्या तिच्या आयुष्यक्रमातून. आजार झाल्यावर तिला अपंग करणारी सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे उपचाराविना गेलेले महिने, आणि त्यांची जबाबदारी तर तिच्यावर येतच नाही.

झीज वेगळी, सूज वेगळी

‘सांधे धरलेत’, ‘अंग आखडतंय’, ‘वात भरलाय’ या तक्रारी परभणीच्या जिल्हा रुग्णालयात काय किंवा एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काय, रोजच्याच. त्यांच्याखाली तीन-चार अगदी वेगळे आजार दडलेले असू शकतात. उतारवयात गुडघ्यांची होणारी झीज सर्वांत जास्त आढळते. ते दुखणे चालल्यावर, चढल्यावर वाढते आणि बसल्यावर कमी होते. आमवाताची चाल नेमकी उलटी आहे. त्यात सांधा विसाव्यानंतर आखडतो. पहाटे उठून पीठ मळायला घ्यावे तर मूठ वळत नाही, म्हशीची धार काढताना सड पकडता येत नाही, धुणे पिळता येत नाही. अर्धा-एक तास, कधी त्याहून जास्त वेळ असाच जातो आणि उन्हे वर येताना बोटे थोडी सुटतात. दुपारी ती सगळ्यांसारखी काम करताना दिसते, म्हणून तिचे सकाळचे दुखणे घरच्यांना खरे वाटत नाही. या आजाराची ओळख उशिरा पटण्याचे हे एक अगदी घरगुती कारण आहे.

शरीराच्या आत घडते ते असे. सांध्याच्या आतले पातळ अस्तर हे आपलेच आहे हे रोगप्रतिकारशक्ती विसरते आणि त्याच्यावर हल्ला करते. अस्तर सुजते, जाड होते आणि शेजारचे हाड व कूर्चा कुरतडू लागते. बहुतेकदा सुरुवात बोटांच्या मुळांशी, मनगटात आणि पायांच्या चवड्यांत होते, बहुधा दोन्ही बाजूंनी सारखी. सोबत बारीक ताप, गळाठा, वजन उतरणे आणि रक्त कमी होणे. उपचार झाले नाहीत तर काही वर्षांत बोटे करंगळीच्या बाजूला झुकतात आणि मग ती सरळ होत नाहीत. आजार सांध्यांपुरता राहत नाही. फुप्फुसे, डोळे आणि रक्तवाहिन्या यांनाही तो धरतो आणि हृदयविकाराचा धोका साधारण दीडपट करतो. या चित्रात गोंधळ घालणारा आणखी एक आजार महाराष्ट्राच्या ओळखीचा आहे, तो म्हणजे चिकुनगुन्या. १९७३ मध्ये बार्शीला त्याची मोठी साथ आली, मग तीन दशके तो जवळजवळ दिसलाच नाही आणि २००५-०६ मध्ये राज्यात जोराने परतला. ताप गेल्यावरही त्याची सांधेदुखी काही जणांत महिनोन्महिने टिकते आणि वरवर पाहता आमवातासारखीच दिसते. त्यामुळे ‘साथीतलं दुखणं आहे, जाईल’ असे म्हणून वाट पाहणाऱ्यांमध्ये खऱ्या आमवाताचे रुग्णही अडकून पडतात.

भिगवणमध्ये मोजले ते

महाराष्ट्राच्या खेड्यात आमवात किती आहे याचे उत्तर पुणे जिल्ह्यातल्या भिगवणने दिले. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवाततज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संघटना यांच्या ‘कॉपकॉर्ड’ कार्यक्रमाखाली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६ मध्ये तिथे पाहणी सुरू केली. तिची पद्धत मुद्दाम सांगण्यासारखी आहे. गावातल्याच स्वयंसेवकांना शिकवून घरोघर पाठवण्यात आले. चार हजारांहून अधिक प्रौढांना दुखण्याविषयी विचारले गेले, माणसाच्या आकृतीवर दुखऱ्या जागी खुणा करून घेतल्या गेल्या आणि तक्रार सांगणाऱ्यांना मग डॉक्टरांनी तपासले. दवाखान्यात कोण पोचते यावर विसंबून राहिले असते तर हे चित्र कधीच दिसले नसते. सुमारे १८ टक्के प्रौढांना हाडे, सांधे किंवा स्नायूंचे काही ना काही दुखणे होते. आमवात साधारण अर्ध्या टक्क्याला आढळला. पुढे पुणे शहरात झालेल्या पाहणीतही आकडा जवळपास तेवढाच आला. दिल्लीजवळच्या बल्लभगड परिसरातल्या खेड्यांत १९९३ च्या अहवालाने तो पाऊण टक्का दाखवला होता.

या आकड्यांतून एक गोष्ट निघते, आणि ती आपल्या मनातल्या एका लाडक्या समजुतीला छेद देते. खेड्यातली हवा शुद्ध, खाणे साधे, अंगमेहनत भरपूर, म्हणून असले आजार शहरी माणसांचे, असे आपण धरून चालतो. दक्षिण आफ्रिकेत १९७५ च्या सुमारास तसे दिसलेही होते. तिथल्या ग्रामीण त्स्वाना लोकांत आमवात फार थोडा होता आणि जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोत मात्र युरोपइतका. भिगवण आणि पुणे यांच्यात असा फरक दिसला नाही. आपल्या खेड्यात आमवातापासून वाचवणारे कवच असते तर तिथला आकडा शहरापेक्षा बराच खाली असायला हवा होता. गंगाखेड हे संत जनाबाईंचे गाव, आणि जात्यावरचे दळण म्हटले की मराठी मनाला त्यांचेच नाव आठवते. ‘आमच्या आज्या जात्यावर दळायच्या, त्यांना कुठे होते हे आजार’ हे वाक्य त्या भागातच नव्हे, सगळ्या महाराष्ट्रात ऐकू येते. पण त्या आज्यांची वाकडी बोटे कोणी मोजली नव्हती. अंगमेहनत सांध्यांना आमवातापासून वाचवते याला आधार नाही. उलट जड शारीरिक कामे करणाऱ्यांत हा आजार थोडा अधिक आढळतो असे स्वीडनच्या अभ्यासातून पुढे आले आहे.

अर्धा टक्का म्हणजे काहीच नाही, मधुमेह आणि रक्तदाब सोडून याच्या मागे कशाला लागायचे, असा आक्षेप आरोग्य खात्यातही घेतला जाऊ शकतो. हिशेब करून पाहू. २०११ च्या जनगणनेत परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती. त्यांतले साधारण १२ लाख प्रौढ धरले आणि आमवाताचे प्रमाण एक तृतीयांश ते अर्धा टक्का मानले, तर रुग्ण चार ते सहा हजार होतात. नऊ तालुक्यांत वाटले तर दर तालुक्याला पाचशेच्या आसपास. आजार सुरू होण्याचे नेहमीचे वय ३० ते ६०, म्हणजे ऐन कमाईचे आणि घर चालवण्याचे. रुग्णांत बायका पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट. दर तालुक्यात साडेतीनशेच्या घरात बायका सकाळी मूठ वळत नाही म्हणून खोळंबलेल्या आहेत असा याचा अर्थ. याला किरकोळ म्हणणे मला जमत नाही.

विडी न ओढणाऱ्या बायका

सिगारेटचे नाव या यादीत सर्वांत वर का आहे ते आधी समजून घेतले पाहिजे, कारण पुढची सगळी मांडणी त्यावर उभी आहे. आमवाताच्या बहुसंख्य रुग्णांच्या रक्तात एक खास प्रकारची प्रतिपिंडे सापडतात. डॉक्टर चिठ्ठीवर ‘अँटी सीसीपी’ लिहितात ती तपासणी त्यांचीच. शरीरातल्या प्रथिनांचा रासायनिक तोंडवळा किंचित बदलला की प्रतिकारशक्ती त्यांना परके समजते आणि ही प्रतिपिंडे तयार होतात. रक्तपेढ्यांत साठवलेले जुने नमुने तपासल्यावर कळले की सांधे दुखू लागण्याच्या कित्येक वर्षे आधी, काहींत दहा वर्षांपर्यंत आधी, ती रक्तात असतात. म्हणजे गडबड सांध्याबाहेर कुठेतरी सुरू होते. स्वीडनच्या लार्स क्लारेस्कोग आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले की ती जागा फुप्फुसे असू शकते. सिगारेटच्या धुराने फुप्फुसातल्या प्रथिनांत हाच बदल होतो. ज्यांच्यात विशिष्ट आनुवंशिक खूण आई आणि वडील अशा दोन्ही बाजूंनी आलेली होती आणि जे धूम्रपान करत होते, त्यांच्यात या प्रतिपिंडांसह होणाऱ्या आमवाताचा धोका, खूण नसलेल्या आणि धूम्रपान न करणाऱ्यांच्या २१ पट आढळला. रक्तातला वारसा एकटा पुरत नाही हे जुळ्यांच्या अभ्यासावरूनही दिसते. ब्रिटनमध्ये हुबेहूब जुळ्यांपैकी एकाला आमवात असताना दुसऱ्यालाही असण्याचे प्रमाण फक्त १५ टक्क्यांच्या आसपास निघाले. सख्ख्या नात्यात आजार असला तर धोका साधारण तिप्पट होतो, पण उरलेला भार बाहेरच्या जगाचा असतो.

आता महाराष्ट्राकडे या. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणात राज्यातल्या प्रौढांपैकी धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते आणि तंबाखू खाणारे वा लावणारे २४.४ टक्के. बायकांमध्ये धूम्रपान तर नगण्यच. त्यांचा तंबाखू म्हणजे दातांना लावायची मशेरी, पानातली चिमूट किंवा चुन्यासोबत मळलेला विडा. स्वीडनमध्ये जो घटक सर्वांत मोठा तो इथल्या बायकांच्या आयुष्यात जवळजवळ नाही आणि तरीही भिगवणचा आकडा युरोपच्या आकड्यापासून फार दूर नाही. यातून दोन निष्कर्ष काढता येतात. एक म्हणजे धूम्रपानाचा या आजाराशी काही संबंध नाही. पण पुरावा पाहता तो टिकत नाही. दुसरा निष्कर्ष मला पटतो. फुप्फुसाच्या अस्तराला वर्षानुवर्षे चुरचुरवत ठेवणारी गोष्ट सिगारेटच असली पाहिजे असे नाही.

मशेरीचे काय, हा प्रश्न उरतो. स्वीडनमधल्याच अभ्यासात तिथला ओठाखाली ठेवायचा तंबाखू, म्हणजे स्नूस, आमवाताची जोखीम वाढवताना दिसला नाही. निकोटीनपेक्षा धूर दोषी असावा असा त्याचा अर्थ. त्यावरून मशेरीला निर्दोष ठरवणे मात्र घाईचे होईल. स्नूस वाफवून तयार होतो, मशेरी तव्यावर जाळून, आणि जाळताना घरात होणारा धूर तीच बाई घेते. तंबाखूने हिरड्या दातांपासून सुटू लागतात हे दंतवैद्य रोज पाहतात, आणि हिरड्यांच्या जुनाट रोगाचा आमवाताशी संबंध वारंवार आढळला आहे. अशा हिरड्यांत वाढणारा पॉर्फिरोमोनास जिंजिव्हालिस नावाचा जिवाणू प्रथिनांत नेमका तोच बदल घडवणारे विकर स्वतःच तयार करतो. फुप्फुसात धुराने जे होते ते तोंडात या जिवाणूने होऊ शकते, अशी ही दुसरी वाट आहे. दात हलायला लागल्याशिवाय दंतवैद्याकडे जायचे नसते अशी जिथे रीत आहे, तिथे ही वाट किती रुंद असेल याचा अंदाज बांधता येतो.

तुराट्या, जिनिंग आणि फवारा

परभणी जिल्हा कापूस, तूर आणि सोयाबीनचा. वेचणी संपली की पऱ्हाट्या आणि तूर झोडपली की तुराट्या घरामागे रचल्या जातात आणि पुढचे कितीतरी महिने त्या चुलीत जातात. उज्ज्वला योजनेची गॅस शेगडी अनेक घरांत पोचली आहे, पण चहा गॅसवर आणि भाकरी चुलीवर, अंघोळीचे पाणी चुलीवर, हा विभागलेला संसार सर्रास दिसतो. सिलिंडर भरायला रोख पैसे लागतात, तुराट्या फुकट मिळतात, एवढे साधे त्याचे कारण आहे. बंद खोलीतल्या चुलीशी दोन-तीन तास बसणाऱ्या बाईच्या छातीत जाणारे सूक्ष्म कण विडी ओढणाऱ्याच्या कणांहून फार वेगळे नसतात. दम्यासारखा फुप्फुसांचा जुनाट विकार आयुष्यात विडी न ओढलेल्या ग्रामीण बायकांना चुलीमुळे होतो हे भारतातल्या डॉक्टरांनी पक्के केले आहे. आमवाताशी चुलीचा थेट दुवा दाखवणारा पुरावा अजून सिगारेटइतका भक्कम नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण धूर फुप्फुसात काय करतो हे माहीत असताना, आणि चूल बाजूला करण्याची इतर दहा कारणे समोर असताना, त्या पुराव्यासाठी थांबायचे कारण मला दिसत नाही.

कामाच्या जागेच्या धुळीबाबत पुरावा अधिक ठोस आहे. दगड फोडणे, खाणकाम यांतली सिलिकाची धूळ आमवाताला कारणीभूत ठरते, हा या क्षेत्रातला जुना धागा आहे. १९५३ मध्ये अँथनी कॅप्लन यांनी वेल्समधल्या कोळसा खाणकामगारांच्या फुप्फुसांतल्या गाठी आणि सांध्यांचा आजार यांचा संबंध नोंदवला. परभणीला तो जसाच्या तसा लावता येत नाही, कारण इथला दगड बेसॉल्ट आहे आणि त्यात स्फटिकरूप सिलिका फार थोडी असते. इथे अधिक लागू पडणारा अभ्यास मलेशियातला आहे. तिथे कापड उद्योगातल्या धुळीत काम केलेल्या बायकांत आमवाताचा धोका जवळजवळ तिप्पट आढळला, आणि त्या बायका धूम्रपान करणाऱ्या नव्हत्या असे म्हटले तरी चालेल इतके त्यांच्यातले धूम्रपान कमी होते. मानवत, सेलू, परभणी या बाजारपेठांच्या गावांभोवती जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आहेत. हंगामात तिथे गंजीवरून कापूस ओढून यंत्राच्या तोंडाशी टाकणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने असतात, आणि तोंडाला बांधायला असते ती साडीचा पदर किंवा रुमाल. तरंगणारे तंतू पदराने अडतात; छातीत खोलवर जाणारी बारीक धूळ अडत नाही. सूतगिरणीची धूळ आणि जिनिंगची धूळ एकच नव्हे, पण दोन्ही कापसाच्याच आहेत, आणि मलेशियातला निष्कर्ष वाचल्यावर मानवतच्या गंजीकडे दुर्लक्ष करता येत नाही.

फवारणी हा याच हवेचा तिसरा भाग. अमेरिकेतल्या आयोवा आणि नॉर्थ कॅरोलिना राज्यांतल्या शेतकरी कुटुंबांवर दीर्घकाळ चाललेल्या अभ्यासात शेतकऱ्यांच्या बायकांमध्ये काही कीडनाशके व बुरशीनाशके आणि आमवात यांचा संबंध दिसला. आपल्याकडे पाठीवर पंप घेणारा बहुधा पुरुष असतो. पण पिंपात पाणी भरणारी, फवाऱ्याचे कपडे धुणारी आणि दुसऱ्या दिवशी त्याच रानात खुरपायला बसणारी बाई असते. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे ठाणे याच जिल्ह्यात आहे. बियाणे आणि कीड यांच्याबरोबर शेतात राबणाऱ्या बायकांची फुप्फुसे आणि सांधे हाही संशोधनाचा विषय व्हावा, अशी अपेक्षा या विद्यापीठाकडून ठेवण्यात काही गैर नाही.

बाळंतपण, पिशवी आणि वय

बायकांनाच हा आजार अधिक का, याचे पूर्ण उत्तर विज्ञानाकडेही नाही. पण संप्रेरकांचा हात त्यात आहे हे नक्की. गरोदरपणात अनेकींचे सांधे आपोआप हलके होतात. अमेरिकेतल्या फिलिप हेंच यांनी १९३८ मध्ये हे बारकाईने टिपले आणि त्याच शोधाच्या मागे जाताना कॉर्टिझोनपर्यंत पोचून १९५० चे नोबेल मिळवले. बाळंतपणानंतरच्या वर्षात मात्र उलटे होते. दबलेला आजार उसळतो किंवा नव्याने सुरू होतो. खेड्यात त्याला ‘बाळंतवात’ म्हणतात आणि ओल्या अंगाने पाण्यात हात घातले, कानाला बांधले नाही, असा दोष त्या पोरीवर येतो. पाणी आणि वारा यांनी आमवात होत नाही. बाळंतिणीची बोटे सहा आठवडे सुजलेली राहिली तर तिला रक्त तपासणीसाठी पाठवायचे असते, शेक-शेगडीवर ठेवायचे नसते. याच संदर्भात आपल्या रीतीतली एक चांगली गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घ अभ्यासात एकूण दोन वर्षे वा अधिक काळ अंगावर पाजलेल्या बायकांत आमवाताचा धोका जवळजवळ निम्मा आढळला. दीर्घकाळ पाजणे मराठवाड्यात नवे नाही. डबाबंद दुधाच्या मागे न लागता ती रीत टिकवायला हवी.

दुसरीकडे, पाळी अकाली थांबणे हे जोखमीशी जोडलेले आहे. २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली आणि राज्यभर खळबळ उडाली. परभणीतल्या गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूरकडूनही दिवाळीच्या आगेमागे टोळ्या कारखान्यांकडे निघतात. पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले गेले तर तिशीतल्या बाईच्या शरीरातली संप्रेरके एका दिवसात साठीची होतात. त्याचे हाडांवर आणि हृदयावर होणारे परिणाम चर्चेत आले. सांध्यांकडे फारसे कोणी वळले नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत परभणी जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या जवळपास निम्म्या स्त्रियांचे लग्न १८ च्या आत झालेले होते. सतराव्या वर्षी लग्न झालेली बाई पस्तिशीत सासू होते. तिची बोटे आखडली की घरात आणि कधी कधी दवाखान्यातही ‘आता वय झालं’ असे म्हटले जाते. पस्तीस हे वय होण्याचे वय नव्हे, आमवात सुरू होण्याचे आहे.

पथ्याविषयी थोडक्यात. वांगे, बटाटा, हरभरा, दही, चिंच हे सगळे ‘वातूळ’ म्हणून रुग्णाच्या ताटातून जाते. यांपैकी कशानेही आमवात होतो वा वाढतो असा पुरावा नाही. राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांत रक्तक्षय आहे, आमवात स्वतःच रक्त कमी करतो, आणि त्यात डाळ-दही बंद केले की ती बाई आजारापेक्षा पथ्याने खचते. लठ्ठपणाने जोखीम थोडी वाढते हे खरे. परभणी शहरातल्या बैठ्या घरांना ते लागू आहे, वेचणीच्या रानाला नाही.

वाया जाणारे महिने

इथवर सांगितलेल्या गोष्टींपैकी बऱ्याचशा एका पिढीत बदलणाऱ्या नाहीत. वेळ मात्र आत्ता वाचवता येतो. लक्षणे सुरू झाल्यापासून पहिल्या तीन ते सहा महिन्यांत योग्य औषध सुरू झाले तर सांधे वाचण्याची शक्यता सर्वांत जास्त. प्रत्यक्षात वाट कशी जाते? आधी तेल आणि लेप, मग गावातल्या दवाखान्यात वेदनाशामक इंजेक्शन, मग कुणीतरी सांगितलेल्या पुड्या. या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असले की दोन दिवसांत बोटे मोकळी होतात आणि गुण आला असे वाटते. चेहरा सुजेपर्यंत, साखर वाढेपर्यंत, हाडे ठिसूळ होईपर्यंत तो गुण टिकतो. आत सांधा कुरतडला जातच राहतो. कधीतरी ‘आरए फॅक्टर’ची तपासणी होते. आमवात असूनही ती चार-पाचांतल्या एकाची निगेटिव्ह येऊ शकते, आणि कागदावर निगेटिव्ह आले की विषय तिथेच मिटतो. शेवटी नांदेड, छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा हैदराबाद. तिथे जायचे म्हणजे गाडीभाडे, बुडालेली मजुरी आणि सोबत येणारा माणूस.

औषध महाग असते, म्हणून गरिबाला हा उपचार परवडत नाही, असे काहींचे म्हणणे. नव्या जैविक औषधांपुरते ते खरे आहे. पण जगभर पहिले औषध म्हणून वापरतात ते मेथोट्रेक्सेट स्वस्त आहे आणि राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे. अडचण त्याच्या देखरेखीची आहे. गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची. चुकून रोज घेतली तर तोंड येते, रक्तपेशी घटतात, जीवही जाऊ शकतो. गरोदरपणात ती चालत नाही. दारू पिणाऱ्या रुग्णाला जपून द्यावी लागते. दोन-तीन महिन्यांनी रक्त आणि यकृत तपासावे लागते. ऊसतोडीला गेलेली बाई पाच-सहा महिने जिल्ह्याबाहेर असते, तिची तपासणी आणि गोळी दोन्ही तिथे तुटतात. यावर उपाय नाहीत असे नाही. गावच्या आठवडी बाजाराचा वार हाच गोळीचा वार ठरवून केसपेपरवर लिहिता येतो. टोळी निघण्याआधी तपासणी करून पुरेशी औषधे आणि मुक्कामाच्या ठिकाणच्या सरकारी दवाखान्यासाठी चिठ्ठी देता येते. परभणीत २०२३ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. आठवड्यातला एक दिवस सांध्यांच्या ओपीडीला दिला तर निम्म्या रुग्णांचा पुण्या-हैदराबादचा फेरा टळू शकतो.

आणि ओळख पटवायची सोय तर आधीच दारापर्यंत आलेली आहे. तिशीपुढच्या प्रत्येकाचा एक तक्ता आशा कार्यकर्ती घरी येऊन भरते. मधुमेह, रक्तदाब आणि कर्करोगाच्या शोधासाठी तो आहे. त्यात तंबाखू ओढता की खाता हे विचारले जाते, कमरेचा घेर मोजला जातो, स्वयंपाकाचे इंधन लाकूड, पिकांचे अवशेष, गोवऱ्या की गॅस हे लिहिले जाते, धूर-धुळीच्या कामाचीही नोंद होते. आमवाताच्या जोखमीचे निम्मे प्रश्न तिथे आधीच छापलेले आहेत. हाताबोटांनी वस्तू धरायला त्रास होतो का, हेही त्यात आहे, पण ते कुष्ठरोगाच्या संशयासाठी. त्याच रांगेत आणखी दोन प्रश्न बसतात: सकाळी उठल्यावर बोटे अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेली असतात का, आणि हाताचे सांधे सहा आठवड्यांपासून सुजलेले आहेत का. दोन्हींचे उत्तर हो आले तर आशाताईंनी बोटांच्या मुळांशी हात आडवा धरून हलकेच दाबून पाहायचे. बाई कळवळली तर चिठ्ठी द्यायची. याला अर्धा मिनिट लागतो, यंत्र लागत नाही, आणि वेचणी सुरू व्हायच्या आत भाद्रपदात गावोगाव हे करता येण्यासारखे आहे.